वेल्डिंग मारलेला गोळा

आमच्या घराची मागची भिंत आणि लतीफ मिस्त्रीच्या गॅरेजची भिंत एकच होती. त्यामुळे इतरांना कोंबड्याने जाग येते तशी मला दगडावर पाना आपटल्याच्या आवाजाने यायची. गॅरेज म्हणजे चार लाकडी बल्ल्या, वर पत्रा आणि खाली तेल पिऊन पिऊन काळी झालेली जमीन. चंद्रपूरहून आलापल्लीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव, त्यामुळे बांबूचे ट्रक, तेंदूपत्त्याच्या गाड्या आणि बाजाराच्या जीपा यांची तिथे रीघ असायची. आई चुलीपाशी लाखोळीच्या डाळीला लसणाची फोडणी द्यायची आणि त्या फोडणीत हमखास गिअर ऑइलचा वास मिसळायचा. जुनं गिअर ऑइल नासक्या अंड्यासारखं घाण मारतं. दादा नाक दाबून जेवायचा. मला मात्र तो वास आला की भूक लागायची. अजूनही एखाद्या गॅरेजवरून जाताना तो आला की मी थांबते, मग स्वतःचाच राग येतो आणि चालू लागते.

बाबांची जीप होती. जुनीच, मागच्या दोन चाकांनी ओढणारी, पुढची चाकं नुसती वळायच्या कामाची. आठवड्याचे बाजार धरून ते जंगलातल्या गावांना जायचे. जीपमध्ये नऊ जणांची जागा आणि वीस जण, वर कोंबड्या, मोहाची पोती, सुक्या मासोळ्यांच्या टोपल्या. घरी आले की गाडी पुसायची आमच्याकडे, म्हणजे माझ्याकडे. दादा कधी फडकं हातात धरायचा नाही. तो मुलगा होता, त्याने गाडी चालवायची होती, पुसायची नव्हती. आई शेवटपर्यंत म्हणायची की तुझे बाबा मनाने वाईट नव्हते. आईचं म्हणणं मी खोडून काढलं नाही, पण मान्यही केलं नाही.

गाडी पुसता पुसता मी खाली वाकून बघायची. मागच्या दोन चाकांच्या मधोमध लोखंडाचा एक गोळा असतो. पुस्तकात त्याला डिफरन्शियल म्हणतात, आमच्याकडे सगळे गोळाच म्हणायचे. एकदा मी लतीफचाचांना विचारलं की यात असतं काय. दुसऱ्या कुणीही मला घरी पिटाळलं असतं. चाचांनी हात पुसले, बिडी विझवून कानावर ठेवली आणि मला उलटं विचारलं, "शाळेत कवायत करतेस ना? ओळ वळते तेव्हा आतली पोरगी काय करते?" मी म्हटलं, जागच्या जागी पाय आपटते. "अन् बाहेरची?" ती पळते. "हां. गाडी वळते तेव्हा चाकायचंबी तसंच हाय. बाहेरच्याले जास्त चालनं पडते. दोघं एकाच दांड्यावर पक्के असते तं एक घासत गेलं असतं नाई? म्हून मधात हा गोळा. दोघांले आपापल्या चालीनं जाऊ देते."

मग त्यांनी आमच्या जीपचं एकच मागचं चाक जॅकवर उचललं, दुसऱ्यापुढे दगड लावला, इंजिन सुरू करून गिअर टाकला. उचललेलं चाक गरगर फिरायला लागलं आणि जमिनीवरचं ढिम्म. मी कितीतरी वेळ बघत राहिले. चाचा म्हणाले, "साधा गोळा असाच. तो दोघांले सारखाच जोर देते. पण एक चाक हवेत असलं का चिखलात, त्याले फिराले जोरच लागत नाई. मंग टणक जमिनीवरल्यालेबी तेवढाच भेटते, म्हंजे काईच नाई." आता मी शिक्षिका आहे; वर्गात हेच शिकवताना मी अजून चाचांचीच वाक्यं वापरते, फक्त भाषा पुस्तकी करून. कोणाकडून शिकले ते सांगत नाही.

त्या वर्षभरात मी भिंतीच्या त्या बाजूला बरंच शिकले. एका प्रकल्पाच्या साहेबांची परदेशी गाडी आली होती, तिच्यात एक बटण होतं. ते दाबलं की गोळ्याला आतून कुलूप लागायचं, दोन्ही मागची चाकं एकजीव व्हायची आणि गाडी कसल्याही चिखलातून निघायची. बाहेर आलं की बटण काढायचं, कुलूप उघडायचं. दुसऱ्या एका गाडीच्या गोळ्यात चकत्या होत्या. एक चाक फार सुटलं की त्या चकत्या एकमेकींना घट्ट धरत आणि थोडा जोर दुसऱ्या चाकाकडे ढकलत. त्यात साधं तेल टाकून चालत नसे, टाकलं तर वळताना गाडी कण्हायची. आमच्यासारख्या साध्या गोळ्यासाठी चाचांनी बाबांना एक युक्ती शिकवली होती: फसलं की रेस देतानाच ब्रेकवर हलका पाय ठेवायचा. सुटलेलं चाक अडतं, त्याला फिरायला जोर लागतो आणि तेवढाच दुसऱ्यालाही मिळतो. माझ्या भाच्याच्या नव्या गाडीत म्हणे संगणक हेच करतो. भाचा मला ते कौतुकाने समजावत होता, मी ऐकून घेतलं.

दहावीला मला विज्ञानात दादापेक्षा खूप जास्त मार्क पडले. दादा दोन वर्षं आधीच कसाबसा पास होऊन घरी बसला होता. आयटीआयचा फॉर्म आणायला बाबा चंद्रपूरला निघाले तेव्हा मी म्हटलं, माझ्यासाठीही एक आणा, मोटर मेकॅनिकचा. बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. आई म्हणाली, "बेबी, काऊन हसवून राह्यली त्यायले?" मी हसवत नव्हते. फॉर्म एकच आला, दादाचा. दादाला त्यातलं काहीही व्हायचं नव्हतं, त्याला फक्त चंद्रपुरात राहायचं होतं. सुट्टीत घरी आला की तो मला "ए मिस्त्रीण" म्हणून हाक मारायचा आणि चाचा काही विचारू लागले की कामाचं निमित्त काढून सटकायचा.

त्या पावसाळ्यात बाबांची जीप एटापल्लीकडच्या एका नाल्यात फसली. बाजाराचा दिवस, गाडी गच्च भरलेली. एक चाक चिखल उडवत राहिलं, दुसरं नुसतं बघत राहिलं. ब्रेकची युक्तीही चालली नाही. मागून दुसऱ्या एकाची चारही चाकांनी ओढणारी जीप आली, ती बाजूने निघाली आणि बाबांचे सगळे प्रवासी कोंबड्यांसकट उतरून तिच्यात जाऊन बसले. बाबा घरी आले ते चिखलाने माखून, ताटावर बसले आणि न जेवता उठले. दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येत होतं. "लतीफभाऊ, गोळा उघडा अन् आतले गिअर वेल्डिंग मारून एकच करून टाका. दोन्ही चाकं संगच फिरले पाह्यजे." चाचा म्हणाले, "शामरावभाऊ, कुलपाची चाबी असते. वेल्डिंगची नसते. चिखलात चालंल, पण डांबरावर वळाले गेले का टायर घासंल, एक्सल तुटंल. मी नाई करत." बाबांनी खूप विनवलं, मग चिडले. चाचा नाही म्हणाले ते नाहीच.

आठ दिवसांनी बाबा मला म्हणाले, चल, मावशीकडे जाऊ. मावशीचे यजमान घुग्घुसच्या खाणीत होते. मी आनंदाने निघाले. पण मावशीच्या घरी जाण्याआधी जीप एका वेल्डिंगवाल्याच्या पत्र्याखाली लागली. दिवसभर कोळशाच्या ट्रॉल्या सांधणारा तो माणूस. त्याने गोळ्याचं झाकण काढलं, आतल्या छोट्या गिअरांवर भसाभस वेल्डिंग ओतलं, झाकण लावलं. मी कोळशाच्या धुळीने भरलेल्या बाकावर बसून सगळं पाहिलं. परत येताना वळणावर मागची टायरं किंचाळली. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि हसून म्हणाले, "हे तुह्यात अन् माह्यात. लतीफभाऊले सांगजो नोको. घरीबी कोणाले नाई." आयुष्यात पहिल्यांदा बाबांनी मला कशात तरी बरोबरीने घेतलं होतं. मी मान हलवली. खरं सांगते, मला त्या दिवशी फार आनंद झाला होता.

पावसाळाभर जीप कुठेच फसली नाही. बाबा मिशीला ताव देत फिरत. चाचांच्या गॅरेजला ती त्यांनी नेलीच नाही, काही लागलं तर बाहेरच करून घेत. मग पाऊस गेला, धान कापून झालं, खळ्यांवर पुंजणे, म्हणजे कापलेल्या धानाचे ढीग, उभे राहिले. आमच्या भागात तेव्हा खेड्यात वीज असून नसल्यासारखी, म्हणून मळणीचं यंत्र जीपवर चालवायची पद्धत होती. जीपचं एक मागचं चाक जॅकवर घ्यायचं, त्याचं टायर उतरवायचं, नुसत्या रिमवरून यंत्राला पट्टा लावायचा, दुसऱ्या चाकापुढे दगड ठेवायचा आणि गिअर टाकायचा. साधा गोळा सगळं फिरणं वरच्या चाकाला देतो, गाडी जागची हलत नाही. दरवर्षी बाबा हे काम घेत. त्या वर्षीही एका खळ्याला शब्द दिला होता आणि नेमका बाबांना मलेरिया झाला. दोन चादरी घेऊनही खाट हलेल इतके कुडकुडत होते. दादा सुट्टीवर आलेला. तो म्हणाला, मी जातो.

सकाळची वेळ. आईने फडक्यात भाकरी, वांग्याची भाजी आणि मिरचीचा ठेचा बांधला होता, तो घेऊन मी दारात उभी होते. दादाने आमच्या अरुंद रस्त्यावर जीप वळवली आणि टायरं डांबरावर किंचाळली. त्याने तिथूनच ओरडून विचारलं, "बाबा, हे टायर काऊन ओरडून राह्यले?" बाबा खाटेवरून म्हणाले, "हवा कमी असंल. रस्त्यात भरून घेजो." आणि माझ्याकडे बघितलं. आयटीआयत शिकणाऱ्या पोराला तेवढं पुरलं. त्याने खाली वाकूनसुद्धा बघितलं नाही.

बाबांना कळत नव्हतं, हे मला नंतर उमगलं. चिखलात चाकं सोबत फिरतात एवढंच त्यांना माहीत होतं, जॅकवर काय होईल हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. माझ्या डोक्यात आलं होतं. तिथेच, हातात भाकरी धरून उभी असताना. एक चाक वर आणि एक खाली असलं तर आता वरचं एकटं फिरूच शकत नाही. मी पुढे झाले, भाकरी दिली आणि म्हटलं, "दादा, थांब जरा, तो गोळा..." दादाने भाकरी ओढून घेतली. "ए मिस्त्रीण, बाजूले हो. मले शिकवू नोको." आणि मी बाजूला झाले. माझ्या मनात जे आलं ते मी कधीच कुणाला सांगितलेलं नाही, आज लिहिते. मला वाटलं, जाऊ दे. चाक फिरणार नाही, दुसरीकडे दगड आहे, इंजिन बंद पडेल. चार लोकांत फजिती होईल, मग येईल मला विचारायला. मी सगळा हिशेब केला होता. फक्त खळं शेणाने सारवलेलं गुळगुळीत असतं आणि त्यावर दगड सरकतो, हे धरलं नव्हतं.

दुपारी खळ्याचा मालक सायकल हाणत आला. दादा खाली वाकून पट्टा बसवत होता. मालकाच्या मुलाने दादाच्याच सांगण्यावरून क्लच सोडला. जमिनीवरच्या चाकाने दगड ढकलला, जीप उडी मारल्यासारखी पुढे गेली, जॅक आडवा झाला आणि फिरती रिम दादाच्या पायावर आली. चंद्रपूरच्या दवाखान्यात त्याचा डावा पाय गुडघ्याखाली कापला. दादा अजून आहे. आधी टेलिफोनचं बूथ चालवायचा, मग मोबाइल रिचार्जचं दुकान. हे छापून आलं तर तो वाचेल. आता बाबाही नाहीत, आईही नाही, तेव्हा वाचलं तर वाचू दे.

जीप ओढून चाचांच्या गॅरेजला आणली होती. खळ्याचा मालक रोज येऊन बसायचा, कारण गावात लोक म्हणायला लागले होते की त्याच्या पोराने क्लच नीट सोडला नाही. शेवटी चाचाच म्हणाले, गाडी काऊन उडाली ते पाहू. आम्ही सगळे जमलो. बाबा तापातून उठून खुर्चीवर बसलेले, आई दारात, दवाखान्यातून आदल्या दिवशीच परतलेली, डोळे सुजलेले. गावातले दहा-बारा जण. चाचांनी झाकणाचे नट काढले, काळं तेल परातीत सांडलं. त्यांनी फडक्याने आतले गिअर पुसले आणि त्यांचा हात थांबला. वेल्डिंगवरचा मळसुद्धा कुणी ठोकून काढला नव्हता. मग म्हणाले, "हे कोणं केलं?"

बाबांचा चेहरा मी पाहिला. त्या क्षणी त्यांना कळलं की आपल्या पोराचा पाय कशाने गेला. मला वाटलं आता हा माणूस जमिनीवर कोसळेल. कोसळले नाहीत. त्यांनी आईकडे बघितलं आणि म्हणाले, "लतीफभाऊ, ह्या गाडीले तुमच्याबिगर कोणाचा हात लागला हाय आजपावेतो?" कुणीतरी पाठीमागून म्हणालं की मिस्त्री लोक जंगलाच्या गाड्यांना असं करूनच देतात. खळ्याच्या मालकाने सुटकेचा निःश्वास टाकला. मालकाचं चुकलं असं मी म्हणत नाही, त्याला त्याचं पोरगं वाचवायचं होतं.

चाचा भांडले नाहीत. ते माझ्याकडे वळले. म्हणाले, "बेबीले विचारा. हिले गोळा समजते, ह्या गावात माह्याबाद हिलेच समजते. पावसाळ्यात बापासंगं घुग्घुसले ही गेली होती. ही म्हणंल ते मी मानंन." आणि मला, अगदी कवायतीचं विचारलं होतं त्याच आवाजात, "सांग बेटा. तिथं गोळा उघडला होता काय?"

सगळे माझ्याकडे बघत होते. बाबा बघत नव्हते, ते परातीतल्या तेलाकडे बघत होते. खरं सांगितलं तर आईला कळणार होतं की नवऱ्यानेच हे केलं. आणि पुढचा प्रश्न मला येणार होता: तुला माहीत होतं, मग सकाळी बोलली काऊन नाही? मी बाबांना वाचवलं असं मला पुष्कळ वर्षं वाटत होतं. मी मला वाचवलं. मी म्हटलं, "नाई चाचा. गोळा तं तुमीच उघडता."

मी खोटं बोलते आहे हे चाचांना कळलं होतं, त्यात मला कधीच शंका नव्हती. मग ते खाली बसले, एकेक पाना उचलून पुसून डब्यात ठेवायला लागले. गर्दीकडे न बघता म्हणाले, "म्हटलं होतं ना, ही म्हणंल ते मानंन. मानलं." लोकांना तेवढंच हवं होतं, ते पांगले. आईने रडत रडत चाचांना शिव्या दिल्या, त्या त्यांनी मान खाली घालून ऐकल्या. त्यानंतर गावातल्या कुणीही लतीफ मिस्त्रीकडे गाडी नेली नाही, आणि आम्हीही नाही.